पिनरच्या देवघरातली अथीना

मी अथीना बोलतेय. हो, ग्रीसची देवी, तीच. उंची चार इंच, अंग काशाचं, हातावर घुबड. सध्याचा मुक्काम लंडनला, पिनरमध्ये, सुलक्षणाबाईंच्या देवघरात. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला बाळकृष्ण.

अडीच हजार वर्षांपूर्वी एका ओताऱ्यानं मला घडवलं. साच्यातून निघाले ती अशी झळकत, की गावातले कोंबडे भर दुपारी आरवले! खोटं वाटत असेल तर घुबडाला विचारा.

पुढे देऊळ पडलं, मी मातीत झोपले. मग कुणा साहेबानं मला इंग्लंडला आणलं आणि त्याच्या पणतूनं एका रविवारी कार बूट सेलमध्ये, गाडीच्या डिकीत, फुटक्या किटलीशेजारी मांडलं.

तिथं सुलक्षणाबाई आल्या. निवृत्त नर्स, नाडी बघावी तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगंबाई, घुबड! म्हणजे लक्ष्मीच की!"

घरी नेऊन त्यांनी मला चिंचेनं घासलं. अहाहा! गुदगुल्यांनी मी अशी हसले की बाळकृष्णाच्या हातचं लोणी सांडलं. मग रोज आंघोळ, कुंकू, दूधसाखर.

दिवाळीला त्यांची लेक शाल्मली आली. ती म्युझियममध्ये काम करते. पूजेला वाकली ती किंचाळलीच.

"आई! ही लक्ष्मी नाहीये, अथीना आहे! ओरिजिनल! आणि तू हिला चिंच लावलीस?"

"मग? किती कळकट झाली होती गं बिचारी."

"ओ माय गॉड! उद्याच मी हिला म्युझियमला नेते. स्टोअरमध्ये, ड्रॉवरमध्ये सेफ राहील."

ड्रॉवर! पुन्हा काळोख! माझ्या काशाच्या अंगाला घाम फुटला.

"आणि तिथं आंघोळ कोण घालणार तिला?"

"आई, पाण्यानं मेटल खराब होतं!"

"तिच्या देशातल्या बायका काय करायच्या मग?"

शाल्मली अडखळली. पोरीला माझ्यासारखं खोटं बोलता येत नाही.

"वर्षातून एकदा... तिच्या मूर्तीला न्हाऊ घालायच्या."

"त्यांना ओरडलं होतं का कुणी?"

शाल्मली खो खो हसत सुटली.

शेवटी तह झाला. मी इथंच राहणार. चिंच बंद, आंघोळ बंद. दर रविवारी शाल्मली स्वतः येऊन मऊ ब्रशनं मला साफ करणार. वर्षातून दोनदा फिरकणारी लेक आता दर आठवड्याला जेवायला असते. सुलक्षणाबाई फोनवर साऱ्या पिनरला सांगतात, "लक्ष्मी पावली हो!"

मी कशाला दुरुस्ती करू? मंडळी, तुम्हीही मला हवं ते म्हणा. फक्त ड्रॉवरचं नाव काढू नका.