सर्वानुमते

रतनबाईनं खुरपं मातीत रोवलं आणि म्हाळूच्या हातातली पंचायतीची वही ओढूनच घेतली.

"अगं, अंगठा उठव न् दे," शाईची डबी उघडत म्हाळू शिपाई म्हणाला. "मला अजून हौसरावांच्या मळ्यात जायचंय. सभा उद्याच हाय."

"थांब. बघू दी काय लिवलंय."

म्हाळू हसला. दोन वर्षं तो असाच वही घेऊन येत होता, रतनबाई ज्याच्या रानात खुरपत असेल त्याच्या बांधावर. बाईची जागा भरायची म्हणून सरपंच आनंदरावांनी बौद्ध वस्तीतली ही बाई मेंबर करून घेतली होती. सभेला ये, असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. तिचा अंगठा मात्र प्रत्येक सभेला हजर असे.

पण चौऱ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात वस्तीच्या समाजमंदिरात दुपारचा वर्ग सुरू झाला होता, आणि रतनबाई जोडाक्षरांवर अडखळत का होईना, वाचू लागली होती. तिनं कोरं पान उलटलं. मागच्या पानावर बोट ठेवून ती एकेक अक्षर लावू लागली.

बौद्ध वस्तीसाठी मंजूर झालेली विहीर वस्तीतील लोकांच्याच मागणीवरून सरपंचांच्या मळ्याच्या रस्त्यालगत घ्यावी. सूचक, रतनबाई ज्ञानदेव. अनुमोदक, गिताबाई. सर्वानुमते मंजूर.

खाली दोन अंगठे. त्यातला एक तिचा.

वस्तीतल्या बाया गावविहिरीवर घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून धार धरली जायची. नाहीतर भीमेचं पात्र गाठायचं. बहात्तर साली तेही आटलं होतं. म्हणून तर विहीर मंजूर झाली तेव्हा वस्तीनं घरोघर गूळ वाटला होता. आणि गेल्या आठवड्यात शेजारची आक्काबाई तिला बघून थुंकली होती. "इकलंस आमाला," एवढंच म्हणाली होती. रतनबाईला त्याचा अर्थ आत्ता लागला.

"म्हाळू, हे मी कवा म्हनले?"

"मला काय ठावं? म्या पाट्या टाकनारा मानूस."

तिनं वही त्याच्या अंगावर फेकली. डबी कलंडली, शाई म्हाळूच्या धोतरावर सांडली. तो ओरडत राहिला, ती तशीच मातीच्या हातांनी गावाकडं निघाली. आनंदरावांना जाब विचारायची वेळ उद्या येणार होती. आज तिला गिताबाईचं तोंड बघायचं होतं.

गिताबाई ही आनंदरावांची भावजय. तिचा नवरा पुण्याला कारखान्यात होता, ती इथं एकत्र घरात. पंचायतीतली दुसरी बाई तीच. पाणी जाणार तिच्याच घरच्या उसाला, आणि अनुमोदनही तिचंच. रतनबाई मागच्या दारी उभी राहिली आणि हाक न मारता सरळ बोलू लागली.

"तुमच्या तीन विहिरी हायेत. चौथी आमची कशाला खाता? माज आलाय व्हय पान्याचा?"

गिताबाई धान्य पाखडत होती. सूप तसंच मांडीवर ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून दारापाशी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"माझं नाव हाय त्यात?"

"नाव हाय, अंगठा हाय. न्हाई म्हनू नका."

"अंगठा?" गिताबाईनं हाताला लागलेला कोंडा झटकला. "मी सातवी पास हाय, रतनबाई. निवडनुकीच्या अर्जावर मी सही केलती. त्यानंतर ती वही मला कुनी दावलीसुदिक न्हाई."

"मग तो अंगठा कुनाचा?"

आतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला तशी गिताबाई मागं सरकली आणि दार लावून घेतलं.

रतनबाईला ते दार लाथेनं उघडावंसं वाटलं. उत्तर माहीत असून तोंड मिटणाऱ्या माणसाचा तिला आनंदरावांपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंचायतीच्या खोलीत शिरली, तेव्हा खुर्च्यांवरची माणसं बोलायची थांबली. ती तरटावर बसली. वस्तीतला हरिबाही मेंबर होता, पण तो आनंदरावांकडं सालानं राबत होता. तो भिंतीकडं बघू लागला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी घसा खाकरून मागच्या सभेचा वृत्तांत वाचला आणि नेहमीसारखं विचारलं, "कायम करायचा?"

"न्हाई," रतनबाई उभी राहिली. "सात नंबरचा, हिरीचा ठराव मी मांडला न्हाई. खोटं लिवलंय."

आनंदराव रागावले नाहीत. ते समजूत घालावी तसं बोलले.

"बाई, अंगठा तुझाच ना? मग? लोकशाही म्हंजी काय, तर चौघांनी मिळून ठरवायचं. एकीनं चालतंय आपलं गाव. कधी मतं घ्यायची पाळी आली न्हाई."

"विचारलंच न्हाई तर मतं येतील कुठनं? एकी न्हवं ही, आमच्या मुंडीवर दिलेला पाय हाय!"

"ए, आवाज!" हौसराव खुर्चीतून उठले.

"कायम करनाऱ्यांनी हात वर करा," आनंदराव म्हणाले. पाच हात वर गेले. शेवटचा हरिबाचा होता. तो कोपरापर्यंतच उचलला गेला. रतनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तिला स्वतःचीच चीड आली.

"विरोधात?"

तिनं हात वर केला. भाऊसाहेब 'एक' असा आकडा लिहिणार, तोच दारातून आवाज आला.

"दोन लिवा."

डोक्यावरचा पदर घट्ट धरून गिताबाई आत आली आणि तरटावर रतनबाईशेजारी बसली.

"वहिनी, घरी जावा," आनंदराव दात आवळून म्हणाले.

"हजेरी मांडा, भाऊसाहेब. मी सही करते. अर्जावरची सही काढून ताडून बघा, आन् तो अंगठा कुनाचा तेबी लिवा."

भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम आला. "साहेब, विरोध नोंदला की वरून विचारणा होती," ते पुटपुटले. आनंदरावांनी तोंड फिरवलं. भाऊसाहेबांनी टाक बुडवून 'सर्वानुमते' या शब्दावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'बहुमताने' लिहिलं, खाली विरोधात म्हणून दोघींची नावं घातली. रतनबाईनं ते वाचलं. विहीर अजून मळ्यातच होती, पण आता ती कुणी नेली हे वहीत आलं होतं.

दोघी बाहेर पडल्या. ऊन डोक्यावर आलं होतं.

"ह्या ठरावाची नक्कल घेऊन शिरूरला तालुक्याच्या कचेरीत जायचं," रतनबाई तावातावानं म्हणाली. "उद्याच. याल का?"

"उद्याचं उद्या," गिताबाई म्हणाली. "आता घरी जाऊन भाकरी टाकायच्यात. भावजींचं ताट मीच वाढते."

रतनबाईच्या ओठांवर आलेली शिवी तिथंच अडली. ती वस्तीकडं वळली नाही. मधल्या आळीतून, एरवी जिथून कडेकडेनं जायचं तिथून, ती गिताबाईच्या बरोबरीनं चालत गेली. मागचं दार उघडून गिताबाई आत शिरली. रतनबाई भिंतीला टेकून उभी राहिली. आतून बराच वेळ नुसता भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आळीच्या टोकाला आनंदरावांच्या वहाणा करकरल्या, तरी ती तिथून हलली नाही.