ट्रॅक्टरची किल्ली

“काका, दोरी बांधा ना पटकन! नुसते बघत काय बसलात?”

आत्माराम ट्रॅक्टरवरून उतरला, पण दोरीला त्याने हात लावला नाही. समोर गाडी पोटापर्यंत वाळूत रुतली होती. नवी कोरी, पांढरी, बोनेटवर झेंडूचा हार अजून ताजा. मालकाचं नाव हर्षवर्धन. बायको आणि मुलीला घेऊन विरारहून रविवारची हवा खायला आला होता. सुरूच्या झाडांमधल्या वाटेवर ‘किनाऱ्यावर वाहने नेऊ नयेत’ अशी पाटी होती. तिला वळसा घालून हा गृहस्थ थेट ओल्या वाळूत उतरला होता. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. मग याला कशाचा मार द्यायचा? तो द्यायला समुद्र निघाला होता, कारण भरती सुरू झाली होती.

अर्नाळ्याच्या या किनाऱ्यावर दर रविवारी अशा दोन-तीन गाड्या रुतायच्या आणि आत्माराम त्या ओढायचा. ट्रॅक्टर खरा होड्या वर ओढण्यासाठी घेतलेला. होडी आली की जवळ जो असेल त्याने कोणाचाही ट्रॅक्टर चालू करावा आणि होडी ओढावी, असा कोळीवाड्याचा रिवाज होता. त्यामुळे तिथे ट्रॅक्टरची किल्ली कोणी कधी काढत नसे. किल्ली घरी नेणारा माणूस म्हणजे शेजाऱ्याला चोर समजणारा माणूस. गाड्या ओढणं हा रविवारचा जोडधंदा, आणि आजवर त्यात आत्मारामला काही वावगं वाटलं नव्हतं.

“शेठ, सरळ नाय ओढता येनार,” तो म्हणाला. “मधी अंडी हायेत.”

“कसली अंडी?”

“पाखराची. ती काय तिथं.”

रुतलेली गाडी आणि झाडांमधली वाट यांच्या मधोमध, सुक्या वाळूतल्या हातभर मोकळ्या जागेत, ती तीन अंडी होती. वाळूच्याच रंगाची, वर काळे ठिपके. गाडी येताना त्यांना चाटून गेली होती. चिमणीहून जराशी मोठी मादी लांबवर धावत होती, थांबत होती, पुन्हा धावत होती. तिला चिखल्या म्हणतात, हेसुद्धा आत्मारामला महिन्यापूर्वी विनिताने सांगितलं होतं.

विनिता फुलपाड्याची. आठवडाभर मुंबईत विम्याच्या कचेरीत, आणि रविवारी डोक्यावर टोपी घालून किनाऱ्यावर. पक्षी बघायची, मोजायची, मोबाईलवर नोंदवायची. अशा ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञ अभ्यास करतात, असं सांगायची. पहिल्यांदा आत्मारामने तिची यथेच्छ टिंगल केली होती.

“ताई, पाखरं मोजून म्हावऱ्याचा भाव वाढतो काय?”

ती हसली होती. रागावली नव्हती. मग ही अंडी सापडली तेव्हा मात्र ती त्याच्याकडेच आली. “काका, इथे हा पक्षी अंडी घालतो हे आता कळलं. पण पिल्लं निघतात का, ते कोणालाच माहीत नाही. मी फक्त रविवारी येणार. तुम्ही रोज इथे असता. सकाळी लांबूनच एक फोटो काढायचा, मादी बसलीय की नाही एवढाच. यासाठी शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही.”

पहिल्या काही फोटोंत पाखरापेक्षा आत्मारामचा अंगठाच मोठा दिसायचा. पुढे पुढे तो सकाळचा चहासुद्धा फोटो काढल्याशिवाय घेईना. बायको म्हणायची, पोरं झाली तेव्हा कधी एवढे फेरे मारले नाहीत. ते खरंच होतं. आज सकाळीच विनिताचा फोन आला होता. ती पाचूबंदरला लोकांना पक्षी दाखवायला गेली होती. “काका, आज-उद्या पिल्लं निघायला हवीत. सांभाळा हं.”

आणि आज हा हारवाला आला होता.

“तीन अंड्यांसाठी माझी गाडी बुडवणार तुम्ही?” हर्षवर्धनचा आवाज चढला. “अहो, पहिला हप्ता गेला नाही अजून!”

“बुडनार नाय. सरळ ओढली तर चाक अंड्यांवरनं जाईल. घरून होडीची लांब दोरी आनतो. मंग तिकडच्या टनक वाळूत उभा राहून बाजूनं ओढतो. दहा मिनटं थांबा.”

“दहा मिनिटांत पाणी इंजिनात जाईल!”

“चाकाला पन लागलं नाय अजून. हा समुद्र मी रोज बघतो.”

भोवती उंटावरून शेळ्या हाकणारे पाच-पंचवीस जण जमलेच होते. निम्मे मोबाईल धरून उभे. “अंडी उचलून बाजूला ठेवा की,” एकाने सुचवलं. “आमच्या गावाला टोपलीभर मिळतात,” दुसरा म्हणाला, आणि बाकीचे हसले. हर्षवर्धनने पाकीट काढलं.

“डबल देतो. भाव वाढवायलाच हे सगळं चाललंय ना?”

आत्मारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ठेव ते खिशात! एक पैसा नको मला तुझा. पाटी वाचून आत घुसलास, आनि भाव मी वाढवतो?”

त्याने ट्रॅक्टर अंड्यांना लागून उभा केला, म्हणजे गर्दीतलं कोणी तिथे पाय देणार नाही. तेवढ्यात त्याचा मुलगा हार्दिक आला. सव्वीस वर्षांचा, एका हॉटेलात कामाला, आज सुट्टीवर. “हितंच उभा रहा,” आत्माराम त्याला म्हणाला. “कोनाला अंड्यांजवळ येऊ देऊ नको. मी दोरी आनतो.”

घर सुरूच्या मागेच होतं. अंगणातल्या होडीतून त्याने दोरीचं वेटोळं खांद्यावर घेतलं. ओल्या दोरीचं ओझं मानेत रुतत होतं. तो अर्ध्या वाटेत असताना त्याला ट्रॅक्टरचा आवाज आला. शंभर ट्रॅक्टरांत त्याने तो ओळखला असता. तो धावला.

पोचला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. पांढरी गाडी झाडांपाशी टणक जमिनीवर उभी होती आणि बोनेटवरचा हार जागच्या जागी होता.

“झालं काम, पप्पा!” हार्दिक ट्रॅक्टरवरूनच ओरडला.

“अंडी?”

“चुकवली रे. जवळजवळ.”

आत्मारामने दोरी खाली टाकली. वाळूत ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाची नक्षी खोल उमटली होती. तिच्यात कवचाचे तुकडे होते आणि वाळू ओली झाली होती. एका तुकड्यातून काडीएवढा पाय बाहेर आलेला होता. आज-उद्याच निघणार होतं ते.

“थांब म्हनालो होतो ना तुला?”

“पप्पा, सगळे ओरडत होते. तो माणूस रडायला आला होता. आणि किल्ली लावलेलीच होती.”

आत्मारामचा हात वर गेला. पोरगा मागे सरला नाही. हात आपोआप खाली आला, पण राग कुठे जाणार? तो छातीत तसाच राहिला.

“सॉरी हं काका,” हर्षवर्धन काच खाली करून म्हणाला. “घालेल की पुन्हा, पक्षीच आहे.” मागच्या सीटवरची त्याची मुलगी काचेला नाक लावून त्या चाकोरीकडे बघत होती. गाडी निघून गेली. बघायला काही उरलं नव्हतं, म्हणून गर्दीही भेळेच्या गाडीकडे सरकली.

विनिताने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “अंडी गेली तरी कळवायचं, काका. गेलेलं लपवलं तर सगळी मोजणीच खोटी.” आत्मारामने मोबाईल काढला, अंगठा नीट बाजूला धरला आणि फोटो पाठवला.

लगेच फोन वाजला. “काका... कुत्रं?”

“चाक.”

“कुठल्या गाडीचं? नंबर घेतलात?”

हार्दिक समोरच उभा होता, मान खाली घालून.

“गाडीचं नाय, ताई. ट्रॅक्टरचं. आत्मारामच्या.”

“तुम्ही? काका, तुम्ही असं—”

“तसंच लिवा. खरं तेच लिवा.”

त्याने फोन ठेवला. मादी परत आली होती. ती धावत धावत चाकोरीपाशी आली, थोडी घुटमळली आणि पोट टेकून त्या चाकाच्या खुणेतच बसली.

आत्माराम ट्रॅक्टरवर चढला. लांबचा वळसा घालून त्याने तो झाडांमधल्या वाटेत नेला आणि पाटीखाली आडवा लावला. एक सायकलही जाईना अशी वाट अडली. त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली उपसून काढली.

“पप्पा, किल्ली?” हार्दिक धावत आला. “होडी आली तर? लोक काय म्हणतील?”

“होडी आली तर मला हाक मारा. मी हितंच बसलोय.”

रस्त्याकडून एक गाडी आली आणि हॉर्न वाजवू लागली. आत्मारामने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. किल्ली त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली होती. तिथे ती कधी राहिली नव्हती, आणि ती त्याला टोचत होती.