किल्ली ऑफिसात आहे

मी या पेटीतून बोलतोय, म्हणून आवाज दबका येईल. जरा जवळ येऊन ऐका. मी पाण्यात फेकायचा टायर. गाडीचा नव्हे. नारिंगी, गोल, पोटात फोम, अंगावर चार पांढरे पट्टे आणि कमरेला लांब दोर. बुडत्या माणसाला धरायला काहीतरी मिळावं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

कारखान्यातल्या एका बाईने माझा शेवटचा सांधा चिकटवला, मला टाकीत सोडलं आणि वर वजन ठेवलं. मी बुडलो नाही. "पास," ती म्हणाली आणि तिने पुढचा उचलला. एवढंच कौतुक झालं. मला ते पुरलं.

मग मी या तळ्याकाठच्या बागेत आलो. एका हाताला बोटींचा धक्का, दुसऱ्या हाताला पोहायचा किनारा, मध्ये एक खांब. त्या खांबाच्या आकड्यावर मी. माझी देखभाल करायचे बागेचे जीवरक्षक. सगळे त्यांना काका म्हणत. रोज सकाळी ते मला एकदा पाण्यात फेकून ओढून घेत आणि दोर सैल वेटोळ्यांत ठेवत. कुणी तो घट्ट गुंडाळला की चिडत. "छान दिसतो म्हणून गुंडाळलास होय? फेकताना गाठ बसली, तर छानपणा काय चाटायचाय?"

अकरा वर्षांत सात जण मला बिलगून वर आले. एकानेही मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाचलेला माणूस आधी आपली चप्पल शोधतो.

रोज दुपारी दुकान बंद करून एक शिंपीणबाई यायच्या. पन्नाशीत पोहायला शिकलेल्या.

"काका, बुडले तर आधी मला काढा हं, टायर मागाहून."

"तुम्ही कसल्या बुडताय, ताई. तोंडात एवढी हवा आहे तुमच्या."

दोघंही हसायची.

पुढे लोकांना फोटोंचं वेड लागलं. मला गळ्यात घालायचे, हसायचे आणि वाळूत टाकून जायचे. दोनदा तर बोटवाल्यांनी बोट सजवायला नेलं. काका शोधून आणत. शेवटी ऑफिसातल्या साहेबांनी तोडगा काढला. खांबावर न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची पारदर्शक पेटी बसवली आणि तिला कुलूप लावलं.

"साहेब, बुडणारा माणूस किल्लीसाठी थांबत नाही," काका म्हणाले.

"काका, टायर हरवला तर वर उत्तर मला द्यावं लागतं. आणि कुणी बुडलं तर तुम्ही आहातच की."

किल्ली काकांच्या गळ्यात होती, तोवर ठीक चाललं. मग त्यांचं वय झालं म्हणून त्यांना पार्किंगच्या फाटकावर बसवलं. त्यांच्या जागी कुणालाच नेमलं नाही. एक पाटी लावली, 'आपल्या जबाबदारीवर पोहावे'. किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेली.

त्या दुपारी ऑफिस जेवणासाठी बंद होतं. शिंपीणबाई लांब गेल्या होत्या. त्यांच्या पायात गोळा आला असावा. हात वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. काठावरच्यांना वाटलं, बाई हात करतायत. दोघांनी तर उलट हात केला.

काकांना फाटकावरून कळलं. ते धावत आले. दगड उचलून पेटीवर मारला. एकदा, दोनदा, तीनदा. नुसते ओरखडे उठले. साहेबांनी सांगितली तशीच मजबूत होती पेटी. मी आत, ते बाहेर, मध्ये बोटभर जाडीचं प्लॅस्टिक. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दगड टाकला आणि शर्टासकट पाण्यात शिरले.

पाय टेकतील तिथपर्यंत त्यांनी बाईंना ढकलत आणलं. लोकांनी बाईंना वर ओढलं, सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. काका दहा हात मागे राहिले, छाती धरून. माझा दोर तिथवर तीनदा पुरला असता. "अहो, काका कुठे आहेत?" असं कुणी विचारेपर्यंत पाणी सपाट झालं होतं.

आता पेटीवर काकांच्या धाडसाची पितळी पाटी आहे. ती लावली त्या दिवशी बोलता बोलता साहेब रडले. ते नाटक नव्हतं, मी जवळून पाहिलंय. भाषण संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि कुलूप ओढून बघितलं, नीट लागलंय ना.

शिंपीणबाई आता पोहत नाहीत. दर सोमवारी ऑफिसात जाऊन विचारतात, कुलूप कधी काढणार. "वर कळवलंय, ताई," एवढंच उत्तर मिळतं. मग त्या माझ्यासमोर येऊन बसतात. माझा रंग उन्हाने उडालाय, त्यांचे केस पिकलेत.

तुम्ही बागेत जरूर या. बोटी बघा, वाळूत बसा, माझा फोटो काढा, माझी हरकत नाही. पण पाण्यात उतरण्याआधी ऑफिसात जा आणि विचारा, किल्ली कुणाकडे आहे. एकीने विचारून काही होत नाही, ते मी दर सोमवारी बघतोय. तुम्ही सगळे मिळून विचारा.