माकडकोड्याखाली

हर्बर्ट थ्वेटची बायको जुन्या यूच्या झाडाखाली विसावली होती आणि मेबल ॲक्रॉइडचा नवरा लेबनॉनच्या देवदाराखाली. दर रविवारी दोघं आपापल्या जोडीदाराच्या थडग्यावरचं गवत उपटत, ताजी फुलं ठेवत आणि मग दफनभूमीच्या फाटकापर्यंत भांडत भांडत सोबत जात.

"तुमचा देवदार बघा," हर्बर्ट म्हणे. "व्हिक्टोरिया राणीच्या काळात आला, तरी अजून पाहुण्यासारखा ऐटीत उभा. आमचा यू कसा घरचा!"

"घरचा खरा, पण कायम तोंड पाडून. अगदी तुमच्यासारखा."

लेकीजवळ राहायला म्हणून हर्बर्ट गेल्या वर्षीच या गावात आला होता. या भांडणासाठी तो आठवडाभर रविवारची वाट बघायचा. आज फाटक येण्याआधी मेबलला लग्नाचं विचारायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. कोट घासून घासून साफ केला होता.

नेमकी नेहमीच्या वाटेवर वादळानं चेस्टनटची फांदी पाडलेली. दोघं वरच्या वाटेनं निघाले. हर्बर्टला ती वाट नवीन होती. वळणावर चिलीहून आणलेलं ते काटेरी झाड उभं होतं, माकडालाही चढता येणार नाही म्हणून लोक ज्याला माकडकोडं म्हणतात ते. बहिणीच्या कोंबड्यांविषयी बोलता बोलता मेबल एकाएकी गप्प झाली.

आपल्याला बोलू देतेय, असं हर्बर्टला वाटलं.

"मेबल, माझ्याशी लग्न कराल?"

मेबलनं डोळे वटारले. ओठ घट्ट मिटून जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि ती तरातरा पुढे निघाली.

हर्बर्ट तिच्यामागे धावला. "राहू द्या, मी काही बोललोच नाही असं समजा. भांडायला तरी येत जा, एवढंच..."

तिनं पुन्हा मान हलवली. झाड मागे पडलं, हॉलीची झुडपं आली, तशी ती धापा टाकत थांबली.

"हो! हो म्हणते मी! पण माकडकोड्याखाली बोलतं का कुणी? आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे, तिथं तोंड उघडलं की नशीब फिरतं!"

"मग मान कशाला हलवलीत?"

"तुम्ही गप्प बसावं म्हणून! तर तुमची आपली टकळी चालूच!"

हर्बर्टचा जीव भांड्यात पडला. मग एकदम चेहरा उतरला. "म्हणजे माझं नशीब...?"

"चला परत. आता तोंड मिटून जायचं, तोंड मिटून यायचं आणि इथं येऊन पुन्हा विचारायचं."

हातात हात घालून दोघं झाडाखालून गेले आणि वळले. मेबलचे खांदे हसू दाबून गदगदत होते. ऐन झाडाखाली हर्बर्टला सणसणीत शिंक आली. तो जागीच थिजला.

मेबलनं त्याला ओढतच हॉलीपर्यंत आणलं.

"शिंक चालते," ती म्हणाली. "हं, विचारा आता."