खुशालभाऊंचं बारदान

भाजीच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, आमच्या माळीपुऱ्याचं एकच तोंड असतं. ढीग सगळ्यांचे, पण भाव बोलणार एकटे खुशालराव. बाकीच्यांनी आपापल्या ढिगाजवळ गप्प बसायचं. हा नियम माझ्या सासऱ्यांच्या वेळचा. अडत्यांनी एकेकाला गाठून मेथी मातीमोल नेली, तेव्हा ठरलेला. मधेच कोणी तोंड घातलं तर गल्लीत त्याच्याशी कोणी धड बोलत नाही. नवी नवरी होते तेव्हा मला याचा वैताग यायचा. मुकाट बसणं माझ्या स्वभावातच नाही.

पण खुशालभाऊंना बोलताना ऐकावं! आधी ते अडत्याच्या होला हो करतात. “घेऊन जा शेठ, तुमच्यापुढं आमचं काय चालते,” म्हणतात. अडत्या खुशीत येऊन ढिगाला हात घालतो, आणि नेमकं तेव्हाच भाऊ खांद्यावरचं गोणपाटाचं बारदान ढिगावर फेकतात. “नाई इकाचं!” मग भाव चढतो. आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसतो.

म्हणूनच अमरावतीचा नवा विकास आराखडा आला तेव्हा आम्ही फारसे घाबरलो नाही. परतवाड्याकडून येणारा एक रुंद रस्ता त्यात आमच्या मळ्यांमधून दाखवला होता, थेट खुशालभाऊंच्या घरा-गोठ्यावरून. लोकांनी हरकती द्याव्यात, सुनावणीला येऊन बोलावं, असं महापालिकेनं कळवलं होतं. आम्ही नकाशा आणला, विहिरीजवळ सतरंजीवर पसरला आणि उडू नये म्हणून कोपऱ्यांवर वांगी ठेवली.

ती विहीर भाऊंच्या आणि आमच्या मळ्याच्या मधल्या धुऱ्यावर आहे. त्यांच्या वडिलांनी आणि माझ्या सासऱ्यांनी मिळून खोदलेली. नवरा गेल्यापासून सासू आणि मी, दोघी त्या पाण्यावरच जगतो.

नाल्याकाठी सरकारी जागा नुसती पडून आहे, रस्ता तिकडून न्या, हे मीच सुचवलं. आम्ही बाया जाऊन ती जागा दोरीनं मोजूनही आलो. भाऊ म्हणाले, “सत्यभामा वयनी, तुमचं डोकं चालते बाप्पा!” मी फुलून गेले. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. सगळ्यांनी मिळून एकच हरकत दिली. तिथं बोलणार कोण, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

सुनावणीच्या दिवशी हातातली कामं टाकून आम्ही गेलो आणि हॉलमध्ये एका ओळीत बसलो. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून पुढं उभे राहिले.

“साहेब, रस्ता झालाच पायजे,” त्यांनी सुरुवात केली. “शयर वाढून राहिलं, आमी कायले आडवे येऊ?”

माझ्या सासूनं, माणिकबाईंनी, मला कोपरानं ढोसलं. “पाय, आता साहेबाले कसा चढवते थो.” मीही गालात हसले.

“फकत थोडासा पूर्वेकडं सरकवा,” भाऊ म्हणाले. “तिकडं एक जुनी इहीर हाय, थे बुजवली तरी चालन. माह्यं घर वाचते अन् रस्ताही सरळ होते.”

साहेबांनी नकाशावर पेन्सिल ओढली. पूर्वेकडं म्हणजे माझा मळा. मी उठायला लागले तर सासूनं पदर धरून मला खाली ओढलं.

“बस! मंधात बोलत नाई. आता फेकन थो बारदान, थांब जराशी.”

मी थांबले. आमची अख्खी ओळ थांबली होती. ‘पण साहेब’ एवढंच म्हणायचं बाकी आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं. भाऊंनी हात जोडले आणि खाली बसले.

“बाकी कोणाचं काही वेगळं म्हणणं आहे?” साहेबांनी विचारलं. माणूस चांगला होता, थांबला बिचारा. पण आम्ही त्याच्याकडे बघतच नव्हतो. आम्ही भाऊंकडे बघत होतो, आणि भाऊ फरशीकडे.

“ठीक आहे. सगळे सहमत आहेत. पुढचे या.”

तेव्हा कुठं माझ्या तोंडून आवाज फुटला. “आमचं म्हणणं असं नाई साहेब! नाल्याकडनं न्या, आमी मोजून आलो!” पण तोवर दुसरेच लोक पुढं जाऊन उभे होते. शिपायानं हात आडवा केला. “बाई, तुमची सुनावणी झाली.”

मी भाऊंना जिन्यात गाठलं. “भाऊ, थे इहीर तुमच्याई बापानं खोदली ना?”

“मी आता बोअर मारली, वयनी. मले इहिरीचं काय काम?”

“अन् आमाले?”

ते उलट माझ्यावरच चिडले. “मंग बोलाचं होतं! साहेबानं तोंडावर इचारलं. गप कावून बसल्या तुमी?”

इतकं निर्लज्ज बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आम्ही गप्प बसलो म्हणून हा माणूस गल्लीत मोठा झाला. आमचं तेच गप्प बसणं त्यानं आमच्यावर उलटवलं. परक्यानं केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते.

घरी येताना ऑटोत सासू मला खेटून बसली. माझा पदर अजून तिच्या मुठीत होता.

दुसऱ्या दिवशी हर्रासात भाऊ नेहमीच्या जागी बसले, खांद्यावर बारदान टाकून. अडत्या आला. “बोला खुशालराव.” भाऊंनी घसा खाकरला, तेवढ्यात सासू उठून उभी राहिली.

“माह्या सांबाराचा भाव मीच सांगीन.”

अडत्यानं पाडून मागितला. सासूनं त्याच भावात कोथिंबिरीच्या सगळ्या जुड्या त्याच्या टोपलीत टाकल्या. मग शेजारच्या ढिगावरची रुख्मिणी बोलली, मग तिच्या पलीकडचा गोवर्धन. अडत्याची तर दिवाळीच झाली. ज्याचा भाव पडेल तिकडं तो हसत सरकत होता. आमचा माल पुन्हा मातीमोल चालला होता, आणि ते कळत नव्हतं असा आमच्यात एकही नव्हता.

“नाई इकाचं!” मागून भाऊंचा आवाज आला. त्यांनी ढिगावर बारदान फेकलं असणार. आमच्यापैकी कोणी वळून पाहिलं नाही.