बांगड्या चढेनात

दहा दिवसांपूर्वी माप घेऊन आणलेल्या बांगड्या रम्याच्या हातांत चढेनात. वळैकाप्पुला, म्हणजे आठव्या महिन्यातल्या बांगड्या भरण्याला, जमलेल्या बायका खिदळल्या. पोरगी गुबगुबीत झाली, त्यात काय! विद्युलता मावशींनी खोबरेल चोपडून एक बांगडी रेटली. ती फुटली.

"आटपा गे, राहुकाळ लागेल!" एकीनं घाई केली.

सासूनं, भवानीनं, रम्याच्या मनगटावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच. सत्तावीस वर्षांपूर्वी तंजावरात भवानीचेही हात असेच फुगले होते. तेव्हाही बायका अशाच हसल्या होत्या. पहिला मुलगा निळा, मुका बाहेर आला, आणि सगळ्यांनी मिळून दोष ग्रहणाला दिला.

"डोकं दुखतं का गं?"

"परवापासून, अत्तै," रम्या सासूला म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"आणि बाळ?"

"सकाळपासून गप्प आहे. मावशी म्हणाल्या, बांगड्यांचा आवाज ऐकत बसलंय."

"ऐकत बसलंय की मरायला टेकलंय?"

भर मंगलकार्यात असं अभद्र! बायकांनी तोंडाला पदर लावले.

"निदान सात जणींच्या हातून तरी बांगड्या भरून होऊ दे," मावशी म्हणाल्या.

"तुमच्या सात जणी घाला चुलीत!"

भवानीनं रम्याला उठवलं, राहुकाळातच रिक्षात घातलं आणि नर्सिंग होम गाठलं.

कनका सिस्टरनं रम्याचं तपासणीचं कार्ड पाहिलं. "प्रेशर नॉर्मल आहे की, अम्मा. डॉक्टर वर झोपल्यात. चारला या."

कार्डावर इथल्याच तीन भेटी होत्या. तिन्हींपुढे एकशेदहा-सत्तर, एकाच पेनानं.

"रम्या, दंडाला प्रेशरचा पट्टा कितीदा बांधला होता?"

"एकदाच. पहिल्या वेळी."

भवानी सिस्टरकडे वळली. "बांध. माझ्या डोळ्यांदेखत."

एकशेऐंशी-एकशेवीस. सिस्टरचं तोंड पांढरं पडलं. तिनं पोटावर ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. खरखर. नुसती खरखर. मग खूप खाली एक ठोका. थांबला. पुन्हा एक.

सिस्टर जिन्याकडे धावली.

पाऊण तासानं ऑपरेशनच्या खोलीच्या दाराआडून मांजराच्या पिल्लाएवढं रडू आलं. मुलगी, पावणेदोन किलो. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रम्या मात्र शुद्धीवर येईना.

कनका सिस्टर कागद घेऊन आली. छापील मजकुराखाली हातानं लिहिलं होतं: घरच्यांनी पेशंट उशिरा आणला.

"सही करा, अम्मा. नियम आहे."

"आणि नाही केली तर?"

सिस्टर पेटीकडे बघत हळूच म्हणाली, "डॉक्टर चिडल्या की बाळाला दुसरीकडे न्या म्हणतील. पेट्या रिकाम्या नसतात कुठे."

भवानीनं पेन घेतलं. 'उशिरा आणला' यावर तिनं आडवी रेघ ओढली. खाली तमिळमध्ये ठळक लिहिलं: तीन भेटी, पट्टा एकदाच. मग सही केली.

"जा, दाखव डॉक्टरांना," ती म्हणाली आणि पेटीला पाठ लावून उभी राहिली.

सिस्टर कागद घेऊन वर गेली. जिन्यावरून डॉक्टरांच्या चपला वाजत खाली येऊ लागल्या.