चिकटरावांची पकड

चिकटराव म्हणजे बोटभर लांबीचा, चपट्या पोटाचा मासा. डोंगरातल्या ज्या ओढ्यात धडधाकट माणसाचा पाय ठरत नाही, तिथे हा पठ्ठ्या पोट आणि पंख दगडाला घट्ट लावून निवांत शेवाळ खरवडत बसे. पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या पाटात, म्हणजे पाणी खेळवायच्या लांबट उघड्या पेटीत, आला आणि त्याला काय झालं कोण जाणे. पंपाचा जोर जरा वाढवला की स्वारी दगड सोडून थेट मागच्या जाळीवर!

वावटळीच्या अगदी नाकी नऊ आले होते. हे नाव तिला सहकाऱ्यांनी दिलेलं, कारण ती खोलीत शिरली की कागद आणि कप आपापल्या जागा सोडत. मासे प्रवाहात कसे टिकतात यावर तिची पदवी अडलेली, आणि मासा टिकायलाच तयार नाही. दगड मात्र बिचारीने शोधून शोधून आणला होता, खरखरीत आणि भोकाभोकांचा. चपलेच्या तळाला खाचा असतात, तेव्हा माशालाही खडबडीतच लागणार, हा तिचा हिशेब.

आज परीक्षक आले. करडा चेहरा, दाट काळेभोर केस.

“मासा पकड धरतो हे दाखवा,” ते म्हणाले. “नाहीतर विषय बदला.”

तिच्या मार्गदर्शक मॅडम कोपऱ्यात मनातल्या मनात चिकटरावांची विनवणी करत होत्या. परीक्षक पाटावर वाकले. घाबरलेल्या वावटळीने पंपाची कळ हळूच फिरवायची ती एकदम शेवटपर्यंत फिरवली.

पाणी उसळलं ते सरळ परीक्षकांच्या कपाळावर. काळेभोर केस अलगद सुटून पाटात तरंगू लागले. आणि उघड्या पडलेल्या चकचकीत टकलावर, मधोमध, चिकटराव ऐसपैस बसले.

कसंबसं भान येऊन मॅडमनी मासा ओढला, तर परीक्षकांच्या डोक्याची कातडीच वर येऊ लागली.

“आई गं!”

“ओढू नका, पुढे सरकवा!” वावटळ ओरडली, आणि नाचायलाच लागली. “धरलं! सर, धरलं त्याने!”

“काय धरलं?”

“तुमचं डोकं! गुळगुळीत आहे ना, म्हणून! माझ्या दगडाच्या भोकांतून त्याच्या पोटाखाली पाणी शिरत होतं. मी दगडच चुकीचा आणला, सर!”

आपण काय बोललो हे कळलं तेव्हा तिला धरणी दुभंगावी असं वाटलं. तिने चिकटरावांना सरकवून ओंजळीत घेतलं, पाण्यात सोडलं आणि मान वर न करता म्हणाली, “मी बशी आणते. बशीवर दाखवते.”

परीक्षकांनी पाटातला केसांचा टोप उचलला, पिळला आणि कोटाच्या खिशात कोंबला.

“बशी राहू द्या. एकदा धरलं तर तो योगायोग,” ते म्हणाले. “पुन्हा करून दाखवा.”

त्यांनी चष्मा काढला, टक्कल पाटात बुडवलं. मॅडमनी मासा बसवला. वावटळीने कळ शेवटपर्यंत फिरवली. पाणी नुसतं खळाळत सुटलं, मॅडमना हसू फुटलं, जमीन ओलीचिंब झाली.

“धरलंय का?” पाण्याच्या आवाजातून परीक्षक ओरडले.

“धरलंय, सर! हलतसुद्धा नाही!”

“मग विषय बदलू नका!”